दोराची भीती, दाराचा धोका

लिफ्टचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वर असताना दोर तुटला तर?" आयुष्यभर चाळीत किंवा वाड्यात राहिलेली आणि आता मुलाच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली आजी तो विचारते. लिफ्ट मध्येच किंचित हादरली की आतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसतो. पायाखाली पत्रा आणि पत्र्याखाली तीस-पस्तीस मीटरची पोकळी, म्हटल्यावर तो सुचणारच.

म्हणून सुरुवात त्याच प्रश्नापासून करू. पण त्याचं उत्तर मिळालं की पुस्तक मिटू नका. दोर तुटण्याची भीती सगळ्यांना असते आणि तसं जवळजवळ कधीच घडत नाही. जिथं माणसं खरोखर जायबंदी होतात, दगावतात, त्या जागेची भीती मात्र फारशी कुणाला वाटत नाही.

१. दोर तुटला तर?

प्रवासी लिफ्टचं कॅबिन एका दोराला टांगलेलं नसतं. पोलादी तारा पिळून केलेले चार, पाच, कधी सहा दोर शेजारी शेजारी असतात. त्यांची एकूण ताकद प्रत्यक्षात पेलायच्या भाराच्या सुमारे बारापट धरलेली असते. त्यातला एक तुटला तरी बाकीचे भार सहज पेलतात. शिवाय असा दोर एकाएकी तुटत नाही. आधी त्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि बाहेर डोकावू लागतात, दोर बारीक होतो, त्यावर गंज चढतो. तपासणीला आलेला मेकॅनिक हीच लक्षणं शोधतो आणि वेळेवर दोर बदलायला सांगतो.

तरीही, सगळे दोर एकदम तुटले असं समजू. या शक्यतेचा बंदोबस्त सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच झाला. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर एका उघड्या फलाटावर उभा राहिला. फलाट दोरानं उंच चढवला गेला आणि त्यानं लोकांसमोर तो दोर तोडायला लावला. फलाट थोडासा खाली आला आणि थांबला. दोर ताणलेला असेपर्यंत फलाटावरची कमान वाकून राहत होती. ताण सुटताच ती सरळ झाली आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवट यांच्या दुकानात ओटिसची पहिली प्रवासी लिफ्ट बसली. माल चढवणारी यंत्रं त्याआधीही होती. माणसं त्यात विश्वासानं पाऊल ठेवू लागली ती या एका अडकणीमुळे, आणि उंच इमारती त्यानंतर आल्या.

आजच्या लिफ्टमध्ये हे काम दोन भागांत वाटलेलं आहे. लिफ्टच्या पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये, मुख्य दोरांखेरीज एक बारीक वेगळा दोर असतो. तो कॅबिनला जोडलेला असतो आणि वरच्या एका चाकावरून फिरतो. त्या चाकाला गव्हर्नर म्हणतात. लिफ्टचा वेग ठरलेल्या वेगापेक्षा साधारण १५ टक्क्यांहून जास्त वाढला की चाकातली लहान वजनं बाहेर फेकली जातात आणि चाक जाम होतं. बारीक दोर जागच्या जागी थांबतो, कॅबिन मात्र खाली येत असतं. त्या ओढीनं कॅबिनखालच्या पोलादी पाचरी वर सरकतात आणि दोन्ही बाजूंचे उभे रूळ घट्ट पकडतात. या सगळ्यात विजेचा काहीही संबंध नाही. वीज असो वा नसो, पाचरी बसतात. त्याच्याही खाली, डक्टच्या तळाशी, स्प्रिंगचे किंवा तेलाचे बफर असतात.

मग प्रवासी लिफ्ट अशी कोसळलीच नाही का? एक घटना सगळ्या जगाला ठाऊक आहे. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात अमेरिकी सैन्याचं बी-२५ जातीचं विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळलं. विमानाच्या तुकड्यांनी एका लिफ्टचे दोर तुटले, त्यात गव्हर्नरचा दोरही गेला. लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर पंच्याहत्तर मजले खाली कोसळली आणि जबर जखमी होऊनही वाचली. आधी तळाशी पडलेल्या दोरांच्या वेटोळ्यांनी आणि अरुंद डक्टमध्ये दाबल्या गेलेल्या हवेनं आदळण्याचा जोर कमी केला, असं मानलं जातं. लिफ्ट पडायला विमान आदळावं लागलं, हे इथं ध्यानात घ्यायचं.

आता याची दुसरी बाजू. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बांधकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीत कामगारांना ने-आण करणारी लिफ्ट कोसळली आणि सात कामगार मरण पावले. बांधकामावरची लिफ्ट आणि तुमच्या जिन्याशेजारची लिफ्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामावरची तात्पुरती उभारलेली असते, धूळ, पाऊस, सिमेंट खात असते, इमारत वाढेल तशी तीही वाढवली जाते आणि दिवसभर माल आणि माणसं दोन्ही वाहते. तिथं तपासणीची गरज कितीतरी जास्त असते. "लिफ्ट पडत नाही" हा दिलासा आपल्याला आहे; आपली घरं बांधणाऱ्यांना तो अजून मिळालेला नाही, आणि ही आपण सगळ्यांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे.

२. वीज गेली की लिफ्ट का पडत नाही?

पुष्कळांना वाटतं की मोटार लिफ्टला धरून ठेवते आणि वीज गेली की तिची पकड सुटते. घडतं याच्या उलट. लिफ्टला जागेवर धरतो तो ब्रेक, आणि तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा असतो: हात लावला नाही तर मिटलेला, उघडायचा तर जोर लावावा लागतो. लिफ्टच्या ब्रेकमध्ये हा जोर वीज लावते. वीज आहे तोवर ब्रेक उघडा, वीज गेली की स्प्रिंग तो मिटवते. म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट गचकन थांबते. तो गचका म्हणजे ब्रेक नीट काम करतोय याची खूण.

दुसरी गोष्ट प्रतिभाराची. दोरांच्या एका टोकाला कॅबिन, तर दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांची जड चौकट असते. मेकॅनिक तिला काउंटरवेट म्हणतात. तिचं वजन रिकाम्या कॅबिनहून मुद्दाम जास्त ठेवतात. किती जास्त? साधारणपणे पूर्ण भाराच्या चाळीस ते पन्नास टक्के. उदाहरण घेऊ. कॅबिन ८०० किलोचं, आठ माणसांची क्षमता ५४४ किलो. काउंटरवेट ८०० अधिक ५४४ चे निम्मे, म्हणजे २७२: एकूण १,०७२ किलो. आत चार माणसं असतील तर कॅबिनची बाजूही १,०७२ होते आणि दोन्ही बाजू तोलल्या जातात. मोटारीला फक्त घर्षणाशी झगडायचं राहतं. आठ माणसं असतील तर कॅबिन २७२ किलोनं जड. आणि एकच माणूस असेल तर? कॅबिनची बाजू ८६८, समोर १,०७२. म्हणजे लिफ्टचा ओढा वर जाण्याकडे!

हे लक्षात राहिलं की दोन गोष्टी आपोआप उलगडतात. आता बऱ्याच लिफ्टमध्ये एआरडी नावाची सोय असते. वीज गेली की ती बॅटरीवर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेते आणि दार उघडते. तुम्ही तळमजल्याला निघालेले असता आणि अंधारातून लिफ्ट वरच्या मजल्याकडे सरकू लागते. घाबरायचं कारण नाही, बॅटरी कमी खर्च व्हावी म्हणून लिफ्ट ज्या बाजूला सहज जाईल तिकडे नेली जाते.

दुसरी गोष्ट काळजीची. ब्रेक झिजला आणि आत एखादंच माणूस असेल, तर लिफ्ट खाली घसरत नाही, वर सरकते. तीही कधी कधी दार उघडं असताना, एक पाय आत आणि एक पाय बाहेर असताना. ही शक्यता टाळायची तर ब्रेकची तपासणी कागदावर टिकमार्क करून भागत नाही.

३. शेवटच्या क्षणी उडी

हा प्रश्न शाळकरी मुलं हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. लिफ्ट पंधरा मीटर, म्हणजे सुमारे पाच मजले, बिनअडथळा पडली तर तळाशी तिचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर होईल. धडधाकट माणूस चाळीस सेंटीमीटर उंच उडी मारतो, तेव्हा त्याचा वेग ताशी दहा किलोमीटर असतो. बासष्टातून दहा गेले, बावन्न उरले. आणि तो "शेवटचा क्षण" बंद कॅबिनमध्ये कळणार कसा? उडीचा विचार सोडून द्या.

४. खरा धोका दाराशी

आता मूळ मुद्दा. लिफ्टला प्रत्येक मजल्यावर दोन दारं असतात: एक मजल्याचं, एक कॅबिनचं. सगळी सुरक्षितता दोन नियमांवर उभी आहे. कॅबिन समोर असेल तरच मजल्याचं दार उघडावं. आणि कुठलंही दार उघडं असेल तर लिफ्टनं हलू नये.

हे दोन्ही नियम पाळण्याचं काम दाराच्या वर बसवलेलं लॉक करतं. त्यात एक आकडा असतो, तो दार अडवून धरतो. आणि एक विजेचा संपर्क असतो, तो दार नीट लागलं की जुळतो. सगळ्या मजल्यांचे संपर्क एकापुढे एक असे एकाच तारेत जोडलेले असतात. बारा मजल्यांपैकी एकाही मजल्याचं दार अर्धवट राहिलं की साखळी तुटते, मोटारीची वीज जाते आणि ब्रेक बसतो. "अरे, पाचव्यावर कुणीतरी दार उघडं ठेवलंय!" ही जिन्यातली हाक या साखळीमुळेच ऐकू येते. वैताग येतो खरा, पण त्या क्षणी यंत्रणा तुमचा जीव राखत असते.

जुन्या इमारतींत, दादर-गिरगावपासून डोंबिवली आणि पुण्याच्या पेठांपर्यंत, हातानं ओढायचं बाहेरचं दार आणि आत सरकती जाळी अशी जोडी अजून दिसते. तिथं लॉकचा आकडा झिजला की कॅबिन समोर नसतानाही बाहेरचं दार उघडतं. पॅसेजमधला दिवा गेलेला, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, डोळे फोनवर. वर्षानुवर्षं दार उघडलं की समोर लिफ्ट असते, म्हणून पाय आपोआप पुढे पडतो. आत डक्ट असतो, रिकामा. लिफ्टच्या अपघातांत याच्याइतका निष्ठुर प्रकार दुसरा नाही, आणि तो टाळायला एक सवय पुरते: दार उघडलं की आधी जमीन बघायची, मग पाऊल टाकायचं. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः नजर मंदावलेल्या ज्येष्ठांना, हे पुन्हा पुन्हा सांगा. आणि लिफ्टसमोरचा दिवा गेला असेल तर तो त्याच दिवशी बदलून घ्या.

लॉकच्या बाबतीत एक घातक प्रथाही आहे. एखाद्या मजल्याचं लॉक सतत त्रास देतं, लिफ्ट दिवसातून चारदा बंद पडते, रहिवाशांचे फोन सुरू होतात. सुटा भाग यायला वेळ असतो. मग मेकॅनिक त्या लॉकची तार "तात्पुरती" थेट जोडून टाकतो, म्हणजे शॉर्ट करतो. लिफ्ट सुरळीत चालू लागते, सगळे खूश होतात. पण आता ती दार उघडं असतानाही हलू शकते. तात्पुरतं ते महिनोन्महिने तसंच राहतं. ओळखायचं कसं? दार पूर्ण लागण्याआधी लिफ्ट सुटली, किंवा जाळी थोडी सरकवूनही चालतच राहिली, तर समजा की साखळी कुठेतरी मोडलेली आहे. अशी लिफ्ट तिथल्या तिथे बंद करायची. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत म्हणून एक दिवसाची सवलत द्यायची नाही.

जुन्या लिफ्टमध्ये आणखी एक जागा जीवघेणी असते: बाहेरचं दार आणि आतली जाळी यांच्यामधली फट. मोठ्या माणसाला ती जाणवतही नाही, पण तीन-चार वर्षांचं मूल त्यात उभं राहू शकतं. दोन्ही दारं लागतात, साखळी पूर्ण होते, वरून कुणीतरी बटण दाबतं आणि लिफ्ट निघते. अशा फटीत सापडून मुंबईत लहान मुलांचे जीव गेले आहेत. तुमच्या लिफ्टमध्ये मूल मावेल एवढी फट असेल, तर कंपनीकडून ती भरून घ्या किंवा दारंच बदलून घ्या. सोसायटीच्या रंगकामाचा खर्च एक वर्ष पुढे ढकलता येतो, हा नाही.

जाळीतून बोटं बाहेर काढणं, जाळीला टेकून उभं राहणं हेही तसंच. लिफ्ट चालताना समोरून भिंत आणि मजल्यांच्या कडा अगदी जवळून जात असतात.

आपोआप लागणाऱ्या दारांनी हे बरेच धोके संपवले, पण त्यांचे स्वतःचे काही आहेत. या दारांच्या कडेला अदृश्य किरणांचा पडदा असतो. मध्ये काही आलं की दार परत उघडतं. पण बारीक वस्तू त्या पडद्याला दिसेलच असं नाही. पदर, ओढणी, बॅगेचा लोंबता पट्टा आणि विशेषतः कुत्र्याची दोरी. मालक आत, कुत्रा बाहेर, दोरी मध्ये आणि दार बंद, हा प्रसंग दोघांच्याही जिवावर येऊ शकतो. कुत्र्याला दोरी आखडून अगदी पायाशी धरूनच आत-बाहेर करा. दार थांबवायला हात किंवा पाय घालायची सवयही सोडा, त्यासाठी बटण आहे. आणि दार उघडताना मुलांनी त्यावर हात टेकू नये. दार बाजूला सरकतं आणि बोटं फटीत ओढली जातात.

लिफ्ट मजल्याला समपातळीत थांबते का, तेही पाहा. दोन-तीन सेंटीमीटरची पायरी राहिली तरी ज्येष्ठांना ठेच लागते आणि मांडीचं हाड मोडतं. ही बातमी पेपरात येत नाही म्हणून तिची कुणी दखल घेत नाही, पण तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे आणि मेकॅनिक ती सहसा थोड्या वेळात दुरुस्त करतो.

लहान मूल बरोबर असेल तर हात धरूनच आत-बाहेर करा, पळत पुढे जाऊ देऊ नका. आणि मूल आत राहून दार लागलंच तर काय करायचं, हे घरात आधीच ठरवून ठेवा. मुलानं तळमजल्याचं बटण दाबायचं, उतरायचं आणि वॉचमनकाकांजवळ थांबायचं. तुम्ही जिन्यानं तळमजल्यावर यायचं. दोघंही मजल्यामजल्यावर एकमेकांना शोधत बसलात, तर चुकामूक वाढत जाते.

५. पाटीवरचा आकडा

लिफ्टमधल्या पाटीवर "८ व्यक्ती, ५४४ किलो" असं लिहिलेलं असतं. हिशेब सोपा आहे: माणशी ६८ किलो. सहा व्यक्ती म्हणजे ४०८, दहा म्हणजे ६८०. लग्नघरातले आठ जण प्रत्येकी ८५ किलोचे असतील तर ६८० झाले, म्हणजे दहा माणसांचा भार. मोजायचं ते वजन. डोकी मोजून भागत नाही. भार जास्त झाला की नव्या लिफ्ट घंटी वाजवतात आणि हलत नाहीत, तेव्हा शेवटी आलेल्यानं उतरायचं, त्यात अपमान नाही. जुन्या लिफ्टला अशी घंटी नसते. तिथं गर्दीमुळे दोर तुटत नाहीत, पण ब्रेकवर ताण येतो, लिफ्ट मजल्याखाली घसरून थांबते किंवा मध्येच अडकते.

घराचं काम काढलं की लाद्या, सिमेंटच्या गोण्या, संगमरवराच्या पाट्या याच लिफ्टनं चढवल्या जातात. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. दहा गोण्या आणि दोन मजूर म्हणजे ६३६ किलो, आठ माणसांच्या लिफ्टला ९२ किलो जास्त. शिवाय गोण्या एका कोपऱ्यात रचल्या की कॅबिन कललेलं चालतं. आणि सिमेंटची भुकटी दाराच्या खालच्या खोबणीत साचली की दार नीट लागत नाही, म्हणजे आपण पुन्हा लॉकशी येऊन पोचतो.

६. अडकलात तर

पहिली गोष्ट: हवा संपत नाही. कॅबिन हवाबंद नसतं, त्याला झरोके असतात आणि दारांच्या फटी असतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते भीतीनं श्वास जोरात चालल्यामुळे. खाली बसा, पाठ टेकवा, श्वास हळू करा. कुणी रडत असेल तर त्याच्याशी बोलत राहा. मधुमेह किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी आहे का, विचारा.

धोक्याची घंटा दाबा. इंटरकॉम असेल तर तो वापरा, फोन लागत असेल तर वॉचमनला किंवा पाटीवर लिहिलेल्या लिफ्ट कंपनीच्या क्रमांकाला लावा. कुणाची प्रकृती बिघडत असेल, आग-धुराची शंका असेल किंवा मदत येतच नसेल, तर ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१.

आणि मग थांबा. हे लिहायला सोपं, करायला सगळ्यात अवघड. अडकलेल्या लिफ्टमध्ये कॅबिनइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. दुखापती होतात त्या बाहेर पडण्याच्या घाईत. समजा, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आहे आणि कॅबिनची जमीन खालच्या मजल्यापेक्षा मीटरभर उंच आहे. कुणीतरी दार ओढून उघडतं. खाली मजल्याची फरशी दिसते, वाटतं, एवढीशी तर उडी. पण कॅबिनच्या जमिनीखाली आणि मजल्याच्या कडेच्या मध्ये डक्ट उघडा असतो. काही भाग झाकायला कॅबिनखाली पत्रा असतो, पण एवढ्या उंचीवर तो पुरत नाही. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला, किंवा तो कडेला लोंबकळून उतरला आणि पाय आत झुलले, की तो सरळ डक्टमध्ये जातो. वरच्या मजल्यावर चढून निघताना धोका वेगळा: शरीर अर्धं आत, अर्धं बाहेर असताना वीज परत आली तर?

म्हणून सुटका शिकलेल्या माणसाकडूनच. तो आधी लिफ्टची मुख्य वीज बंद करतो. मग, मशीनरूम असलेल्या लिफ्टमध्ये, ब्रेक हातानं थोडा थोडा सोडत चाक फिरवतो, कॅबिनला मजल्याच्या पातळीला आणतो आणि त्यानंतरच दार उघडतो. वीज बंद केल्याशिवाय दार उघडायला लागलेल्या माणसाला, तो कितीही मायेनं करत असला तरी, आतून ओरडून थांबवा.

मजल्याचं दार बाहेरून उघडायची त्रिकोणी चावी असते. पुष्कळ सोसायट्यांत ती वॉचमनच्या खोलीत खिळ्याला लटकलेली असते आणि लिफ्ट अडकली की जो आधी पोचेल तो ती घेऊन धावतो. लिफ्ट नक्की कुठे आहे हे न पाहता त्यानं दार उघडलं, तर आतले सुखरूप राहतात आणि मदतीला आलेला पडतो. ही चावी कुलपात ठेवा आणि प्रशिक्षण घेतलेल्या एक-दोघांच्याच हाती द्या.

७. आग, पाणी, भूकंप

आगीत लिफ्ट नको, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का, ते माहीत असलं की मोह टळतो. डक्ट म्हणजे इमारतीच्या तळापासून माथ्यापर्यंतची उभी मोकळी वाट. धूर तिकडेच धाव घेतो. वीज कुठल्याही क्षणी जाते. उष्णतेनं वितळलेल्या बटणांमुळे लिफ्ट नेमकी आगीच्याच मजल्यावर जाऊन दार उघडू शकते. तळमजल्यावर काचेआड फायरमन स्विच असतो, त्यानं लिफ्ट खाली बोलावली जाते. अग्निशमन दलासाठी राखलेली लिफ्ट त्यांचीच, आपण जिन्यानं उतरायचं. जिन्यात धूर भरला तर आसरा घेता यावा म्हणून उंच इमारतींत रेफ्युज एरिया ठेवलेला असतो. तो कितव्या मजल्यावर आहे, ते आजच बघून या. तिथं सोसायटीच्या जुन्या खुर्च्या रचलेल्या असतील तर त्या हलवून घ्या.

पाण्याबद्दल मात्र कुणी फारसं सांगत नाही, आणि कोकणपट्टीत तेच जास्त महत्त्वाचं. लिफ्टचा पिट, म्हणजे डक्टच्या तळाचा खड्डा, इमारतीत सगळ्यात खाली असतो, म्हणून पाणी आधी तिथं आणि तळघरात भरतं. २०२० च्या पावसाळ्यात मुंबईत एका उंच इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. दोन सुरक्षारक्षक लिफ्टनं खाली गेले, पाणी लिफ्टमध्ये शिरलं आणि दोघेही बुडून मरण पावले. पाण्याचा दाब दारांवर आला की ती उघडत नाहीत. जोरदार पाऊस असेल आणि पाणी आत येण्याची चिन्हं दिसली, तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन, रिकामी असल्याची खात्री करून, बंद करायची. तळघरात पाणी किती भरलंय, गाडी बुडतेय का, हे बघायला जिन्यानं जायचं, आणि तेही वीज बंद असल्याची खात्री करून. गाडीपायी कुणालाही लिफ्टनं खाली पाठवू नका. वॉचमनला तर मुळीच नाही, तो तुमच्या शब्दाला नाही म्हणू शकत नाही.

भूकंपात रूळ वाकण्याची आणि काउंटरवेट रुळावरून सुटण्याची भीती असते. लिफ्टमध्ये असताना जमीन हादरली तर जवळच्या मजल्याचं बटण दाबून उतरा. नंतर लिफ्ट तपासल्याशिवाय सुरू करू नका.

८. सोसायटीनं काय पाहायचं

लिफ्ट बसवायला परवानगी आणि चालवायला परवाना लागतो, हे तेव्हाच्या मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्यापासून आहे. महाराष्ट्रात २०१७ साली नवा कायदा आला आणि त्यात सरकते जिनेही आले. परवान्याची प्रत सेक्रेटरींकडे मागा. 

खरी लढाई मात्र वार्षिक देखभालीच्या कराराची असते. सभेत तीन कोटेशनं येतात आणि सगळ्यात स्वस्त मंजूर होतं. विचारायला हवं ते वेगळंच: करारात सुटे भाग धरलेत का? दोर आणि ब्रेक धरलेत का? लिफ्ट अडकली तर किती वेळात माणूस पोचेल? महिन्याला येणारा मेकॅनिक लिफ्टपाशी किती वेळ देतो? दहा मिनिटांत सही घेऊन जाणाऱ्यानं प्रत्येक मजल्याचं लॉक पाहिलेलं नसतं, तेवढ्या वेळात ते शक्यच नाही. म्हणून त्याच्या भेटीच्या वेळी समितीतलं कुणीतरी हजर राहावं आणि त्याला तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगावं: प्रत्येक मजल्याचं दार कॅबिन नसताना बाहेरून उघडत नाही, दार उघडलं की लिफ्ट थांबते, आतली घंटा वॉचमनच्या खोलीत ऐकू येते. एआरडीची बॅटरीही त्याच वेळी पाहून घ्या. मुख्य वीज बंद करायची आणि लिफ्ट स्वतः मजल्यावर येते का ते बघायचं.

दुरुस्ती चालू असताना प्रत्येक मजल्यावर पाटी लागली पाहिजे. तळमजल्यावरच्या एका पाटीनं भागत नाही, कारण सातव्या मजल्यावरून खाली निघालेल्याला ती दिसत नाही. आणि मेकॅनिक डक्टमध्ये किंवा कॅबिनच्या डोक्यावर असताना "जरा दोन मिनिटं लिफ्ट सोड रे" असा आग्रह कुणी धरू नये. सोसायटीच्या नोंदवहीत बिघाडाची तारीख, मजला आणि काय बदललं हे लिहून ठेवा. तीन महिन्यांत एकाच मजल्याचं लॉक चारदा बिघडलेलं दिसलं, तर पाचव्यांदा दुरुस्ती मागू नका. ते लॉक बदलायला सांगा, आणि नवं बसेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा.